उपाशी भुलगे

भिंतीला कान असतात असं आपण नुसतं म्हणतो. शिरोंड्याच्या खाडीत मात्र पाण्याला खरोखरच कान बसवले होते. नदी जिथे समुद्राला मिळते तिथे, वाळूच्या दांड्याच्या आतल्या अंगाला, तळाशी सिमेंटच्या ठोकळ्यांना बांधलेली काळी नळकांडी होती. दिसायला टॉर्चसारखी, पण त्यांना पाण्यातलं जे ऐकू येई ते गावातल्या सात पिढ्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

ऐकायचं होतं भुलग्याला. भुलगा म्हणजे डॉल्फिनचा गरीब भाऊ. ना पाठीवर पर, ना उड्या मारायची हौस. श्वासाला वर येतो तेव्हा ओल्या करड्या पाठीची एक वळी तेवढी दाखवतो, आणि बघणारा शेजाऱ्याला "तो बघ" म्हणेपर्यंत तिथे नुसतं पाणी उरतं. म्हणून तो डोळ्यांनी मोजता येत नाही. पण गढूळ पाण्यात हा प्राणी वावरतो तो आवाजाच्या आधाराने. टक टक करीत आवाज पुढे फेकतो, मासळीवर आपटून परत आलेला ऐकतो आणि तिचा माग काढतो. आवाज इतका बारीक, की माणसाचा कान जिथे थकतो त्याच्या सहापट वरचा. पाण्यातले कान तो पकडत, यंत्र तो संथ करून माणसाला ऐकण्याजोगा करी आणि टकटकीच्या ढबीवरून कुठला भुलगा कुठला हेही ओळखी.

पुढची करामत किनाऱ्यावर होती. मुखाशी भुलगा ऐकू आला की खांबावरचा तांबडा दिवा लागे, आणि दिवा लागला की मोठ्या बोटींची जाळी ओढायची यंत्रं तेवढ्या पाण्यात आपोआप कुलूपबंद होत. त्या बोटी आता बॅटरीवर चालत. पूर्वी डिझेलची धडधड ऐकून भुलगे तरी बाजूला होत. आता जाळं अंगावर पडेपर्यंत कुणालाच पत्ता लागत नसे. म्हणून सरकारने हा कायदा यंत्राच्याच हातात देऊन टाकला होता. यंत्र कुणाचा फोन घेत नाही आणि कुणाच्या घरी जेवायला जात नाही.

रापणीला मात्र बंदी नव्हती. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडीने ते अर्धगोल टाकायचं आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्या साऱ्या वाडीने वाळूत पाय रोवून ओढायच्या. भुलगा चुकून आत आलाच, तर गुडघाभर पाण्यात त्याला हातांनी उचलून सोडता येतो.

किनाऱ्यावरच्या यंत्राच्या खोलीत बसून हे कान सांभाळायची नोकरी वैजयंतीकडे होती. गावात तिला कानवाली म्हणत. नवरा गेल्यावर ती रत्नागिरीहून माहेरी आली, तेव्हा थोरल्या भावाने, मोरूने, परसातली खोली तिला उघडून दिली आणि एका शब्दाने काही विचारलं नाही. मोरू रापणीचा तांडेल. जाळं कधी टाकायचं ते तो ठरवी, आणि हंगामाच्या सुरुवातीला खाडीच्या देवापुढे, राखणदारापुढे, गाऱ्हाणं घालायचा मानही त्याचाच. वैजयंतीला यंत्रातलं काही येत नव्हतं. केतकी सबनीस नावाच्या संशोधक बाईंनी तिला शिकवलं आणि ती शिकली.

गेलं दीड वर्ष दिवा जवळजवळ विझतच नव्हता. मोठ्या बोटी बाहेरूनच परत जात. रापणीला बांगडा लागे, सुरमईची पिल्लं लागत. गाव म्हणे, राखणदाराने भुलगे धाडले. मागच्या नारळी पुनवेला गाऱ्हाण्यात मोरूनेही तेच म्हटलं होतं.

अशात एका दुपारी केतकीबाईंचा फोन आला.

"वैजूताई, बातमी चांगली आहे आणि वाईटही. भुलग्यांची संख्या ठरवलेल्या आकड्याच्या वर गेली."

"मग वाईट काय, मॅडम?"

"राखण यशस्वी झाली, आता गरज उरली नाही, असं वरच्यांचं म्हणणं आहे. दिवा काढायचा. आणि मालवाहू जेट्टीसाठी खाडीच्या मुखातला गाळ उपसायचा प्रस्ताव पडून होता ना, तो पुढे आलाय. पुनवेनंतर बैठक आहे."

वैजयंती खुर्चीत बसली. गाळ उपसणं म्हणजे दांडा गेला. दांडा गेला की रापण टाकायला उथळ पाणीच राहणार नव्हतं.

"एक मार्ग दिसतोय," केतकीबाई म्हणाल्या. "भुलगे इथे नुसते फिरायला येत नाहीत, जेवायला येतात, हे दाखवता आलं तर मुखाला हात लावणं कठीण जाईल. आपण त्यांची जेवणं कधी मोजलीच नाहीत. मागचे आवाज ऐकून काढाल का?"

जेवण कसं ओळखायचं ते त्यांनी फार पूर्वी शिकवलं होतं. गाडी मागे घेताना भिंत जवळ आली की गाडीतली टुकटुक जलद होत जाते, तसंच. मासा दूर असेल तर भुलगा सावकाश टकटकतो. जवळ गेला की टकटक दाट होते, आणि तोंडात घ्यायच्या क्षणी एकमेकींना चिकटून घर्रर्र अशी होते. मग शांतता. ती शांतता म्हणजे घास.

वैजयंतीने हेडफोन लावला आणि ऐकत बसली. एक भुलगा आला, टकटकत गेला. दुसरा आला, गेला. सकाळचे ऐकले, भरतीचे ऐकले, ओहोटीचे ऐकले. यंत्राने ओळखलेले सातही भुलगे टकटकत होते, पण घर्रर्र कुठेच नव्हती. दुसऱ्या दिवशीही ती तेच ऐकत राहिली. शेवटी तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

हे भुलगे जेवतच नव्हते. दीड वर्ष उपाशी राहून टुणटुणीत होते.

मग तिला आणखी एक गोष्ट खटकली. सातांच्याही टकटकीची ढब वेगळी होती खरी, पण प्रत्येक जण बोलायला लागताना किंचित अडखळे, जुन्या टेपरेकॉर्डरचं बटण दाबल्यासारखा. हे अडखळणं तिच्या ओळखीचं होतं. कान नीट ऐकतात की नाही हे पाहायला एक नारिंगी गोळा दिलेला होता. पाण्यात सोडला की तो असाच अडखळून भुलग्यासारखा आवाज काढी. ती त्याला भोपळा म्हणे.

दिवा रोजच लागत असल्याने दीड वर्षात तिला तो लागलाच नव्हता. भोपळा फळीवर जागच्या जागी होता. पण त्याची दोरी तिने बांधली तशी नव्हती. गाठ डावखुरी होती. जाळ्यांच्या घरात वाढलेल्या माणसाला गाठ म्हणजे सही. वाडीत डावखुरा एकच होता.

मोरू माडाच्या सावलीत जाळं शिवत बसला होता. तिला बघून म्हणाला, "काय गो, आज दुपारचीच सुटलंस? कानाक दडे बसले काय?"

"दादा, माज्या फळीवरचो भोपळो कोणी हलवल्यान?"

"माका काय म्हायत? उंदरान हलवल्यान आसतलो."

"उंदीर डावरो आसा. गाठ मारून गेलो."

मोरूची सुई थांबली. मग तो स्वतःशीच हसला. "मेल्या हातांक दुसरी गाठच येणा नाय."

"कितके केलंस?"

"सात. तालुक्याक तो फिशफाइंडर दुरुस्त करणारो आसा ना, तेच्याकडसून. तुजो भोपळो नमुनो म्हणान तेका दाखवलंय. सांगलंय, सगळ्यांचो आवाज एकसारको नको, सात भावंडा कशी वेगळी बोलतत तशी बोलूक व्हयी. आपल्याच बोयांखाली बांधलंय."

"तो काय म्हणालो?"

"तेका वाटता मी पर्यटकांका डॉल्फिन दाखवचो धंदो काढलंय. वाटो मागी हुतो मेलो."

वैजयंतीला हसू आलं नाही. "कित्याक केलंस ह्या?"

"कित्याक?" मोरूचा आवाज चढला. "तुजे भुलगे इले की दिवो लागता, नाय इले की थय बोटी. त्या वर्साक आठवता? आमी दोरी धरून उभे, आणि त्येंनी आमच्या नाकासमोरसून खाडी झाडून नेल्यानी. आमच्या जाळ्यात शेवाळ. माका वाटला, थोडे खरे भुलगे, थोडे आमचे. दिवो लागलो की झाला. भुलग्यांचा पण बरा, आमचा पण बरा. ह्येच्यात चोरी खयची?"

"आणि खरे खय गेले?"

"आसतले. समुद्र काय ल्हान आसा?"

"एक पण नाय, दादा. तुजे सात सोडले तर खाडीत एक पण नाय. मी ऐकलंय. आणि आता सरकार म्हणता, भुलगे भरपूर झाले, दिवो काढा. दांडो उपसून जेट्टी करतले."

मोरूने तिच्याकडे पाहिलं. भरतीचा अंदाज चुकलेल्या माणसासारखा त्याचा चेहरा झाला.

"मगे गप रव," तो म्हणाला. "तू सांगलंस तर भुलगे नाय म्हणान दिवो जातलो. नाय सांगलंस तर भुलगे जास्त म्हणान जातलो. दोन्हीकडसून जातलोच, मगे तुजी नोकरी तरी रवांदे."

"नाय सांगलंय तर तुजे भोपळे टकटकत रवतले, आणि खरे परत येवचे नाय."

"तुका भावापरास भुलगो जवळचो?"

ज्या खोलीत ती राहत होती ती त्याने दिलेली होती, त्याच्या घरातली भाजी तिच्या ताटात येत होती. ती म्हणाली, "रापणकारांका म्हायत आसा?"

"नाय. तेंका वाटता देवान दिल्यान." एवढं बोलून मोरूने मान खाली घातली. सुई पुन्हा चालू लागली, पण टाका चुकला आणि त्याने तो उसवला.

"पुनवेपर्यंत मी मॅडमना काय धाडूचंय नाय," ती म्हणाली. "तू आधी वाडीक सांग. तू नाय सांगलंस तर मगे मी मॅडमना सांगतलंय. तुजा नाव घेवन."

पुनवेपर्यंत दोघे एकमेकांशी धड बोलले नाहीत. वहिनीने एकदा विचारलं, "तुमचा काय बिनसला हा?" तर दोघंही एकदम "काय नाय" म्हणाले. वहिनी म्हणाली, "मगे मोठाच काय तरी आसतला."

नारळी पुनवेला वाडी दांड्यावर जमली. होडीला हार, नव्या दोरीला हळदकुंकू. दांड्याच्या टोकाला राखणदाराचा शेंदूर लावलेला दगड. गाऱ्हाण्याची रीत तिकडच्या लोकांना सांगायला नको. मानकरी देवापुढे एकेक मागणं मोठ्याने मांडतो आणि प्रत्येक मागण्यानंतर सगळा गाव एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणतो. ही हाक लहानपणापासून अशी अंगवळणी पडते, की मानकऱ्याचा आवाज खाली आला की तोंड आपोआप उघडतं. आणि एकदा म्हटलेलं "व्हय" परत घेता येत नाही. देवापुढे दिलेला तो शब्द असतो.

मोरू दगडासमोर उभा राहिला. वैजयंती बायकांत मागे होती.

"बा शिरोंड्याच्या राखणदारा, खाडीच्या मुखार बसलेल्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज रापणकारांचो मेळो तुज्या पायाकडे जमलो हा. ह्येंच्या होडीक वारो दी, हातांक बळ दी!"

"व्हय म्हाराजा!"

"पोराटोरांक, गुराढोरांक सुखी ठेव!"

"व्हय म्हाराजा!"

मोरू थांबला. लोकांना वाटलं घसा बसला. मग तो पुन्हा सुरू झाला, त्याच चालीत.

"गेल्या साली ह्याच जाग्यार मी तुका सांगलंय, भुलगे तू धाडलंस. ता खोटा हुता म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ते तू धाडूक नाय. दिवो लागाचो म्हणान पिलास्टिकचे भोपळे करून मीच पाण्यात सोडलंय!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी आवाज जरा विरळ आला. काही माना वळल्या.

"त्येंच्या टकटकीन खरे भुलगे पळाले. ते भोपळे आज आमी सगळे मिळान काढतलव. आणि खरे परत येईसर दिवो लागलो नाय, बोटी इल्यो, तरी सोसतलव म्हाराजा!"

"व्हय म्हा..." अर्ध्यावर काही तोंडं मिटली, पण मागच्या रांगेतल्यांनी जोरात पुरं केलं.

"थांब रे," बाबल टिकम म्हणाला. तो रापणीतला सगळ्यांत वयस्कर. "आमी आता काय म्हटलव?"

"व्हय म्हटलास," त्याची बायको म्हणाली. "सगळ्यांत मोठ्यान तुमीच म्हटलास."

मग जो गोंधळ झाला तो सांगण्यात अर्थ नाही. मोरूच्या आईबापांचा उद्धार झाला, तालुक्याच्या दुरुस्तीवाल्याचा झाला, केतकीबाईंचा उगाचच झाला. एक जण म्हणाला, आपण अर्धंच "व्हय" म्हटलं, ते धरू नका. बाबल त्याच्यावर उखडला. "अर्धा व्हय आसता काय मेल्या? लग्नात अर्धो हार घातलेलो काय? म्हटला ता म्हटला. होडी काढा."

दुपारी सातही भोपळे वाळूत ओळीने पडले होते. बाहेर काढल्यावरही ते चालूच होते म्हणे, पण माणसाला काही ऐकू येत नव्हतं. बाबलने एकाला लाथ घातली आणि अंगठा दुखावून घेतला.

वैजयंतीने तिथूनच केतकीबाईंना फोन लावला. सगळं सांगितलं.

"म्हणजे दीड वर्ष मी ज्यांच्यावर लेख लिहितेय ते भोपळे आहेत?"

"हो मॅडम. पण नुसत्या टकटकीने खरे का जावेत?"

"तुम्ही जत्रेत सात भोंग्यांच्या मध्ये उभ्या राहून हाक मारा. परत आलेली हाक ऐकू येईल? त्यांना आपलाच आवाज परत मिळेना, मग मासा कसा सापडणार? जिथे सापडेल तिथे गेले." मग आवाज बदलून त्या म्हणाल्या, "मला हे वर कळवावं लागेल. माझ्याबद्दलही."

"कळवा," वैजयंती म्हणाली.

बैठक झाली, पण वेगळीच. आधीची मोजणी रद्द झाली. ठरलं ते असं, की या हंगामभर नुसतं ऐकायचं. हंगाम संपेपर्यंत एक जरी खरा भुलगा मुखाशी जेवताना ऐकू आला तर राखण पुन्हा सुरू. नाही आला तर खाडीत राखण्यासारखं काही उरलेलं नाही असं धरून गाळ उपसायला परवानगी. तोवर दिवा बंद. केतकीबाईंकडून हे काम काढून घेतलं नाही, पण त्यांना आपले लेख मागे घ्यावे लागले. वैजयंतीला चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं.

"यंत्राच्या खोलीची किल्ली कुणाकडे देऊ?" तिने विचारलं.

"ती परत घ्या असं मला कुणी लिहून दिलेलं नाही," केतकीबाई म्हणाल्या. "पगार नाही. पण ऐकायला मनाई नाही."

दिवा विझला आणि बोटी आल्या. आवाज न करता येत, दांड्याबाहेर पाणी ढवळून जात. रापणीत कधी चार टोपल्या, कधी दोरी ओढल्याचा घाम तेवढा. हाटाला जाणाऱ्या बायका वैजयंतीला ऐकू जाईल असं बोलत, "सत्य शिजवून घालूया हो पोरांक, वर नारळाचो रस." मोरूला कुणी तांडेलपदावरून काढलं नाही, पण चहाला बोलवणंही बंद झालं. तो रोज सर्वांत आधी दोरीला हात लावी आणि शेवटी सोडी. संध्याकाळी यंत्राच्या खोलीच्या दारात येऊन उभा राही.

"काय?"

"काय नाय."

एवढंच बोलणं. पण तो रोज येई, आणि हळूहळू उंबऱ्यावर बसू लागला. एकदा त्याने हेडफोन मागून घेतला आणि रिकाम्या खाडीचा आवाज ऐकला. कोळंबीची कडकड, वाळूची सरसर. "एवढा सगळा आसा खाली?" तो म्हणाला. मग लाजल्यासारखा उठून गेला.

शिमगा झाला. काजू धरला. गाळ उपसणारं जहाज बंदरात येऊन थांबल्याची बातमी आली. हंगाम आता थोडाच उरला होता.

त्या सकाळी रापण पाण्यात होती. दोन्ही दोऱ्यांवर माणसं लागली होती. वैजयंती नेहमीसारखी खोलीत ऐकत होती. कोळंबीची कडकड चालली होती. त्या कडकडीच्या मागून, कुठूनतरी दुरून, टक, टक असं आलं.

तिने हेडफोन कानांवर दाबला. सुरुवातीला अडखळणं नव्हतं. यंत्राने पडद्यावर दाखवलं, अनोळखी. अनोळखी म्हणजे पूर्वीच्यांपैकी नव्हे. टक टक पुढे आली, दांड्याच्या आतल्या अंगाला वळली. बोट असेल, कुणाचा फिशफाइंडर असेल, अजून कुणी भोपळा केला असेल, असं ती स्वतःला बजावत राहिली. टकटक दाट झाली. आणखी दाट. एकेक टक दुसरीला चिकटली आणि घर्रर्र झाली.

मग शांतता.

तिने आवाज केतकीबाईंना पाठवला, हेडफोन टेबलावर ठेवला आणि अनवाणीच वाळूत उतरली. तिला तशी येताना पाहून बायकांची बडबड थांबली. मोरू दोरीच्या पुढच्या टोकाला होता, कमरेएवढ्या पाण्यात. त्याने दोरी सोडली नाही, फक्त तोंड वळवलं.

"इलो?"

"इलो."

"कितके?"

"एकच."

रांगेतले सगळे ओढायचे थांबले होते. बाबल टिकमने कानामागे हात धरला. बाहेर दोन बोटी संथ पाण्यावर उभ्या होत्या, आणि खांबावरचा दिवा अजून विझलेलाच होता.

"खरो?" मोरूने विचारलं. प्रश्न विचारताना त्याचा आवाज गाऱ्हाण्यात लागतो तसा लागला.

"जेवलो," वैजयंती म्हणाली.

दोरीच्या मागच्या टोकाला कुणीतरी, निव्वळ सवयीने, हळूच म्हणालं, "व्हय म्हाराजा."